औषधाला दाद न देणारे जंतू : घरच्यांना समजावायचं तरी कसं?

कोरीवही

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात बाबांना (वय ७२) लघवीचं इन्फेक्शन झालं. हुडहुडी भरून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं, लघवीला जळजळ. घरात मागच्या कुठल्या तरी आजारपणातली अर्धी स्ट्रिप उरलेली होती, ती त्यांनी दोन दिवस आपल्या मनाने घेतली, आम्हाला सांगितलंच नाही, ताप उतरल्यासारखा वाटला आणि तिसऱ्या रात्री १०३ च्या वर गेला. ॲडमिट करावं लागलं. लघवीचं कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून कुठलं औषध चालतं ते बघतात) पाठवलं. तो रिपोर्ट अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. डावीकडे औषधांच्या नावांचा उभा रकाना आणि उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. मी वरून खाली वाचत गेले, आर, आर, आर, परत आर. आर म्हणजे रेझिस्टंट, ते औषध चालणार नाही. ज्या गोळ्यांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात त्या सगळ्या त्यात होत्या. वर लिहिलेलं, ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जंतू), ईएसबीएल पॉझिटिव्ह (म्हणजे बरीच औषधं निकामी करणारा). शेवटी रोज शिरेतून इंजेक्शन, असे दहा दिवस. आता बाबा बरे आहेत, घरी आहेत, थकवा आहे पण ठीक.

आता प्रश्न. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगतात, "माझ्या शरीराला औषधांची सवय झालीय, आता अंग दादच देत नाही." आणि ऐकणारे मान डोलावून म्हणतात, मी तर वर्षातून एखाद्या वेळीच घेतो बुवा, म्हणजे मला काळजी नाही. मला कळतंय की यात काहीतरी चुकतंय पण मला नीट सांगता येत नाही. मी फॅमिली ग्रुपवर जनजागृतीचं एक पोस्टर टाकलं होतं, "प्रतिजैविक प्रतिरोध रोखूया" असं काहीतरी, त्यावर दोन-तीन जणांनी हात जोडले आणि चारच दिवसांनी त्याच ग्रुपवर मावसभावाने विचारलं घसा दुखतोय कुठली गोळी घेऊ, तर तीन जणांनी तीन नावं सांगितली. खरं सांगते, मला त्या दिवशी रडू आलं.

१८ ते २४ नोव्हेंबर हा याच विषयाचा जागतिक आठवडा असतो, त्या निमित्ताने ऑफिसमध्ये मला दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. लोकांच्या खरंच डोक्यात शिरेल असं काय सांगू? कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज लिहा.

---

प्लेटवाली

बाबा घरी आले हे वाचून बरं वाटलं. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये चौदा वर्षं काम करतेय, असे रिपोर्ट रोज हातातून जातात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

तो रिपोर्ट तयार कसा होतो एवढं सांगितलं तरी निम्मा गोंधळ जातो असा माझा अनुभव आहे. लघवीचा नमुना आला की तारेच्या बारीक लूपने तो प्लेटवर रेघा ओढल्यासारखा पसरायचा आणि रात्रभर ३७ डिग्रीला इनक्युबेटरमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपके उगवलेले दिसतात, त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकाच जंतूची वाढून कोट्यवधी झालेली पिलावळ. मग ते ठिपके उचलून दुसऱ्या प्लेटवर सगळीकडे एकसारखे माखायचे आणि वर कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या, शर्टाच्या बटणाहून लहान, प्रत्येक चकतीत एकेक औषध मुरवलेलं. परत एक रात्र. सकाळी प्लेट उजेडात धरायची. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो, तिथे काहीच उगवलेलं नसतं, तो गोल पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा. आणि जे चालत नाही तिथे जंतू पार चकतीच्या कडेला टेकून उगवलेले असतात, जणू ती चकती तिथे नाहीच. तोच तुमच्या रिपोर्टमधला आर.

आता सांगा, त्या प्लेटवर बाबा कुठे आहेत? बाबा वॉर्डात झोपलेले आहेत. प्लेटवर फक्त जंतू आहेत आणि औषध आहे. म्हणजे दाद न देणारं अंग नाहीच, जंतू आहेत. मी नातेवाइकांना हे असंच सांगते आणि ते पटतं लोकांना, कारण दोन दोन दिवस रिपोर्टची वाट बघून ते वैतागलेले असतात, मध्ये काय चाललं होतं हे कळलं की ऐकतात.

बाबा एकटे असं म्हणत नाहीयेत हेही सांगा त्यांना. डब्ल्यूएचओने २०१५ मध्ये १२ देशांत जवळपास १० हजार लोकांना विचारलं होतं, त्यातल्या ७६ टक्के लोकांना वाटत होतं की शरीरच औषधाला सरावतं. आणि ६४ टक्के लोक म्हणाले की सर्दी आणि फ्लूला अँटिबायोटिक चालतं. सर्दी-फ्लू व्हायरसचे, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

ही समजूत धोक्याची का आहे तर, शरीराला सवय होते असं धरलं की ज्याने औषधं कमी घेतली तो निर्धास्त. पण हे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. घरात एकाच्या आतड्यात ईएसबीएलवाला ई. कोलाय असला तर तो बाकीच्यांकडेही हातांवरून, बाथरूममधून जाऊ शकतो, आणि महिनोन् महिने कुणाला काही त्रास न होता तिथे राहू शकतो. मग एखाद्या दिवशी तोच जंतू लघवीत शिरला की पहिल्यांदा औषध घेणाऱ्यालाही रिपोर्टवर आर दिसतो.

---

साधंसोपं

+१ प्लेटवाली. मला वाटतं आपल्याकडे शब्दच फसवा आहे. "प्रतिकार" म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात रोगप्रतिकारशक्ती येते, म्हणजे चांगली गोष्ट, वाढवायची गोष्ट! मग "प्रतिजैविक प्रतिरोध वाढतोय" असं पोस्टरवर वाचलं तर अर्ध्या लोकांना वाटणार वा, छान. मी शाळेत शिकवते, आठवीच्या मुलांनी मला अगदी हेच विचारलं होतं की मॅडम प्रतिरोध वाढला तर चांगलंच ना. तेव्हापासून मी वर्गात "निर्ढावलेले जंतू" म्हणते. मुलांना एका झटक्यात कळतं.

आणि ऑफिसमध्ये स्क्रीन असेल तर हार्वर्डचा २०१६ चा तो मोठ्या प्लेटचा व्हिडिओ दाखवा. दोन फूट बाय चार फूट अशी भलीमोठी प्लेट, तिच्यावर पट्टे आखलेले, दोन्ही कडांच्या पट्ट्यांत औषध नाही, पुढच्या पट्ट्यात थोडं, त्यापुढे दहापट, मग शंभरपट, आणि मधोमध हजारपट. कडेला जंतू सोडतात. ते पसरत येतात, औषधाच्या रेषेशी येऊन थबकतात, बराच वेळ काहीच नाही आणि मग एका ठिकाणाहून एक पांढरा ठिपका रेषा ओलांडतो आणि पंख्यासारखा पसरत जातो. परत पुढची रेषा, परत तेच. दहा-बारा दिवसांत हजारपट औषधात मजेत वाढताहेत. व्हिडिओत ते दिवस दोन मिनिटांत दिसतात. वर्गात लावला की पहिल्या रेषेपर्यंत कुजबूज असते, दुसरी रेषा ओलांडली की एकदम शांतता. दर वेळी.

---

प्लेटवाली

@साधंसोपं निर्ढावलेले हा शब्द भारी आहे, मी उचलतेय. एक बारीक गोष्ट फक्त, त्यातून असं वाटायला नको की एकच जंतू मार खाऊन खाऊन कोडगा झाला. होतं असं की लाखोंच्या गर्दीत एखादा जंतू मुळातच थोडा वेगळा असतो, त्याच्या डीएनएमध्ये योगायोगाने काहीतरी बदल झालेला असतो. औषध आलं की बाकीचे मरतात आणि त्याला मैदान मोकळं. औषध म्हणजे चाळणी समजा, जे तिच्यातून जात नाहीत तेच वर उरतात, आणि उरलेल्यांचीच पुढे वाढ होते. ई. कोलायला चांगली परिस्थिती मिळाली तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात, त्यामुळे वाढायला वेळ लागत नाही.

आणि काही जंतूंकडे हा गुण डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो, त्याला प्लास्मिड म्हणतात. ते कडं शेजारच्या जंतूला देता येतं, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. ईएसबीएल हे असंच बऱ्याचदा पसरतं. ते एक एन्झाइम आहे, औषधाचा रेणूच फोडून टाकतं, म्हणून एका औषधापुढे आर नाही तर पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिनच्या कुटुंबातल्या बहुतेक औषधांपुढे आर, आर, आर.

---

उंबरठा

सगळ्यांचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना ताप-खोकल्याला डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको, थांबा. आम्ही शहाण्यासारखं थांबलो. पाचव्या दिवशी न्यूमोनिया निघाला, ऑक्सिजन लावायला लागला. तो बरा झाला पण त्या रात्री त्याच्या बरगड्यांखाली आत जाणारी कातडी मी अजून विसरलेली नाही. तेव्हापासून कुणी मला "उगाच अँटिबायोटिक घेऊ नका" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही पोस्टरवर लिहा, पण आईबापाने नक्की काय करायचं तेही लिहा. नुसतं "घेऊ नका" हे मला पुरत नाही.

---

दुपारचीओपीडी

जनरल प्रॅक्टिस करतो, वीस वर्षं झाली.

@उंबरठा सगळ्यात आधी तुम्हाला. तुमचा राग रास्त आहे. "थांबा" हे अर्धंच वाक्य आहे, उरलेलं अर्धं म्हणजे "काय दिसलं तर लगेच परत या" आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही असं दिसतंय. मूल भराभर श्वास घेतंय, श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, पाणी प्यायला नकार देतंय, सुस्त पडलंय, ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटून परत जोरात चढलाय, यातलं काहीही असलं तर वाट बघायची नाही, रात्र असली तरी. सुरुवातीला खरंच व्हायरल असतं आणि नंतर त्यावर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन चढतं असंही होतं, म्हणजे पहिल्या दिवशी अँटिबायोटिक दिलं असतं तर हे टळलंच असतं असं खात्रीने म्हणता येत नाही. पण तुम्हाला खुणा माहीत असत्या तर तुम्ही चौथ्या दिवशीच आला असता.

आणि औषध वेळेवर न मिळाल्यानेही माणसं मरतात, हे जनजागृती करणारे विसरतात. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभराचा मोठा अभ्यास आला, त्यात २०२५ ते २०५० या काळात निर्ढावलेल्या जंतूंमुळे थेट ३.९ कोटी मृत्यू होतील असा अंदाज आहे, आणि त्याच अभ्यासात म्हटलंय की इन्फेक्शनवर चांगले उपचार आणि योग्य अँटिबायोटिक सगळ्यांपर्यंत पोचली तर ९.२ कोटी मृत्यू टळू शकतील. म्हणजे भांडण औषधाशी नाहीच, चुकीच्या वेळी घेतलेल्या औषधाशी आहे.

@कोरीवही त्याच अभ्यासातली एक गोष्ट बाबांच्या वयाच्या लोकांना नक्की सांगा. १९९० ते २०२१ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांमधले असे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, लसी, स्वच्छ पाणी वगैरेमुळे. सत्तरी ओलांडलेल्यांमधले मात्र ८० टक्क्यांहून जास्त वाढले. हा विषय म्हाताऱ्या आईवडिलांचा आहे असं सांगितलं की ऑफिसातले चाळिशीचे लोक कान टवकारतात.

आता माझ्या खुर्चीतून दिसतं ते सांगतो. सर्दीचा पेशंट साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी येतो, म्हणजे आजार शिगेला असतो तेव्हा. मी काहीही दिलं, अगदी काहीच नाही दिलं तरी सातव्या-आठव्या दिवशी त्याला बरं वाटणार असतं. पण त्या दिवशी अँटिबायोटिक लिहिलं तर श्रेय त्या गोळीला, आणि पुढच्या वेळी तो माझ्याकडे न येता थेट तीच गोळी घेणार. हे चक्र पोस्टरने तुटत नाही. मी आता पहिल्यांदाच कागदावर लिहून देतो, घसा साधारण आठवडाभर दुखेल, सर्दी दीड आठवडा, खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळू शकतो. एवढं आधी माहीत असलं की माणूस सहाव्या दिवशी घाबरत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरिया असंही नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइमचा असतो, साध्या व्हायरल सर्दीतही येतो.

आणि फक्त पेशंटच्या नावाने बोटं मोडू नका भाषणात, आम्ही डॉक्टरही यात आहोत. इंग्लंडमध्ये २०१४-१५ च्या हिवाळ्यात एक प्रयोग झाला. ज्या दवाखान्यांमधून सगळ्यात जास्त अँटिबायोटिक लिहिली जात होती त्या डॉक्टरांना देशाच्या चीफ मेडिकल ऑफिसरच्या सहीचं पत्र गेलं, की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. बस, एवढंच. पुढच्या सहा महिन्यांत त्यांचं लिहिणं ३.३ टक्क्यांनी घटलं. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात पेशंटसाठी पत्रकं आणि पोस्टर लावून पाहिली, त्याने मोजण्यासारखा फरक पडला नाही. तुमच्या फॅमिली ग्रुपवर जे झालं तेच.

पण म्हणून जनजागृती फुकट जाते असंही म्हणू नका. फ्रान्सने २००२ पासून मोहीम चालवली, "अँटिबायोटिक म्हणजे आपोआप नाही" अशा अर्थाची घोषणा, टीव्हीवर, पाळणाघरांपर्यंत, आणि पाच वर्षांत हिवाळ्यातली अँटिबायोटिकची प्रिस्क्रिप्शन २६.५ टक्क्यांनी कमी झाली. फरक असा की तिथे नुसती घोषणा नव्हती, डॉक्टरांना घशाची लगेच होणारी टेस्ट दिली होती, म्हणजे "नको" म्हणायला हातात काहीतरी होतं.

---

कोरीवही

डॉक्टर, प्लेटवाली, साधंसोपं, सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रिंट काढून ठेवतेय. @उंबरठा तुमचं वाचून गलबलून आलं, तुमचा मुद्दा मी बोलताना नक्की घेणार.

दोन शंका. एक, बाबांच्या रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होतं, म्हणजे चालेल असं, मग गोळी का नाही दिली, इंजेक्शनच का? आणि दोन, "कोर्स पूर्ण करा" हे सगळीकडे लिहिलेलं असतं पण मध्ये कुठेतरी वाचलं की आता तसं म्हणत नाहीत. मग लोकांना काय सांगायचं?

---

दुपारचीओपीडी

पहिलं. ते औषध लघवीत भरपूर उतरतं पण रक्तात आणि किडनीच्या मांसात पुरेसं पोचत नाही. मूत्राशयापुरतं साधं इन्फेक्शन असेल तर उत्तम औषध आहे. बाबांना हुडहुडी, १०३ ताप, एका बाजूला कंबरदुखी, म्हणजे प्रकरण किडनीपर्यंत गेलेलं असणार, तिथे प्लेटवरचा एस कामाचा नाही. रिपोर्ट बघून स्वतः गोळी आणू नये ते याचसाठी.

दुसरं जरा नाजूक आहे, नीट वाचा. "बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण केला नाही तर जंतू निर्ढावतात" हे आम्हीही वर्षानुवर्षं सांगत आलो. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की बऱ्याच इन्फेक्शनसाठी याला भक्कम पुरावा नाही, उलट औषध जितके जास्त दिवस पोटात तितकी आतड्यातल्या इतर जंतूंवर ती चाळणी जास्त दिवस चालते. न्यूमोनियासारख्या आजारात पूर्वी दहा दिवस द्यायचो तिथे आता बऱ्याच पेशंटना पाच दिवस पुरतात असं दिसलंय. त्यामुळे कोर्स छोटे होताहेत. पण छोटा कोर्स ठरवायचा तो डॉक्टरने, आणि टीबीमध्ये तर सहा महिन्यांतला एक दिवसही कमी करायचा नाही, तिथे अर्धवट सोडल्याने काय होतं ते जगाने भोगलंय. डब्ल्यूएचओचंही सांगणं हेच की डॉक्टरने सांगितलं तसंच आणि तितकंच घ्या. तुम्ही भाषणात असं सांगा, गोळी सुरू करताना डॉक्टरला विचारा किती दिवस, आणि लवकर बरं वाटलं तर थांबवायची का हे फोन करून विचारा. मनाने बंद नाही, मनाने चालू तर नाहीच.

---

शेतबांध

डॉक्टर लोकांनी सगळं माणसांचंच लिहिलंय, जनावरांचं राहिलं. जगात विकल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकचा मोठा हिस्सा माणसांना नाही तर कोंबड्या, डुकरं, गुरं यांना जातो, त्यातला बराच आजारी नसताना, नुसतं वजन वाढावं किंवा गर्दीत आजार पसरू नये म्हणून. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, त्याला न जुमानणारं प्लास्मिडवरचं जीन २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांमध्ये सापडलं आणि नंतर बघतात तर जगभर. चीनने मग २०१७ पासून वाढीसाठी कोलिस्टिन द्यायला बंदी घातली. युरोपियन युनियनने तर वाढीसाठी अँटिबायोटिक देणं २००६ लाच बंद केलं होतं. माझं स्वतःचं काम जनावरांशी आहे म्हणून सांगतो, गोठा कोरडा ठेवला, गर्दी कमी केली, लस वेळेवर टोचली तर औषधाची गरज आपोआप निम्म्यावर येते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

साधंसोपं

@कोरीवही दहा मिनिटांत आकडे कमी आणि गोष्ट एक सांगा. गोष्ट तयार आहे आणि ती खुद्द फ्लेमिंगने सांगितलेली आहे. १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधणारा तोच. १९४५ च्या डिसेंबरमध्ये नोबेलच्या भाषणात त्याने एक कल्पनेतला माणूस उभा केला, त्याचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडंसं घेतो, जंतू मरतील इतकं नाही पण औषधाला तोंड द्यायला शिकतील इतकं. मग त्याच्याकडून बायकोला लागण होते, तिला न्यूमोनिया होतो, तिला पेनिसिलिन देतात आणि ते चालत नाही. ती मरते. आणि मग फ्लेमिंग विचारतो, तिच्या मृत्यूला जबाबदार कोण?

पेनिसिलिन जेमतेम लोकांच्या हातात येत होतं तेव्हाचं हे भाषण आहे. चूक नवऱ्याची, जीव बायकोचा. "मी कमी घेतो म्हणजे मला काळजी नाही" याला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही.

---

प्लेटवाली

ही गोष्ट मीही नेहमी सांगते. कुणी खोदून विचारलं तर माहीत असू द्या, फ्लेमिंगने उदाहरणात घेतलेला घशाचा स्ट्रेप जंतू आजही पेनिसिलिनला दाद देतो, तो निर्ढावलेला नाही. निर्ढावले ते दुसरे, स्टॅफ (कातडीवर, नाकात राहणारा जंतू) सगळ्यात आधी. पण एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला, हे त्याने अचूक ओळखलं होतं.

---

कोरीवही

काल रात्री बसून ग्रुपवर टाकायला नवीन मेसेज लिहिला. बघा जमलाय का, काही चुकलं असेल तर सांगा:

"बाबांना झालेलं इन्फेक्शन नेहमीच्या एकाही गोळीने बरं होण्यातलं नव्हतं. औषधांना निर्ढावलं बाबांचं शरीर नाही, ते जंतू निर्ढावलेत, आणि ते जंतू माझ्यात, तुमच्यात कुणातही येऊ शकतात, तुम्ही आयुष्यात एक गोळी घेतली नसली तरी. सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसादुखी व्हायरसची असते, तिला अँटिबायोटिक लागत नाही, सर्दीला दीड आठवडा द्या, खोकल्याला तीन. पण धाप लागली, ताप उतरून परत चढला, मूल सुस्त पडलं किंवा पाणी पिईना तर एक तासही थांबू नका. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितली तशीच घ्या, बंद करायची तर त्यांना विचारून. उरलेली स्ट्रिप पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, टाकून द्या. आणि या ग्रुपवर गोळ्यांची नावं विचारू नका, सांगूही नका, डॉक्टरांना फोन करायला कुणी सोबत हवं असेल तर मला सांगा."

---

प्लेटवाली

खूप छान. एकच, "टाकून द्या" म्हटलं की लोक बेसिनमध्ये किंवा संडासात टाकतात, तिथून ते सांडपाण्यात जातं आणि तिथल्या जंतूंवर परत तीच चाळणी सुरू. "पाण्यात टाकू नका, मेडिकलमध्ये परत घेतात का विचारा" असं करा.

---

उंबरठा

धाप आणि मूल सुस्त पडण्याचं वाक्य घातलंत त्याबद्दल थँक्यू. असा मेसेज तेव्हा मला आला असता तर बरं झालं असतं. मी माझ्या मुलाच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर टाकू का?

---

कोरीवही

@उंबरठा बिनधास्त टाका, बाबांचा उल्लेख तेवढा बदला. @प्लेटवाली बदललं ते वाक्य.

पाठवायच्या आधी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी "शरीर नाही, जंतू" हे दोनदा वाचायला लावलं, मग उठून औषधांचा डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर पलंगावर उपडा केला. सात अर्धवट स्ट्रिपा निघाल्या, त्यातल्या दोन माझ्याच होत्या. आत्ता त्या पिशवीत बांधून ठेवल्यात, संध्याकाळी मेडिकलमध्ये विचारायला जाणार आहे. आणि बाबा म्हणाले मेसेजसोबत रिपोर्टचा फोटोही टाक ग्रुपवर, नाव झाकू नकोस, आपलीच माणसं आहेत.